अर्धा दम

देवगिरीच्या पायऱ्यांवर माझा भिल्लम अर्ध्यात अडकला.

शाळा जिल्हा परिषदेची, परभणी जिल्ह्यातली. आमच्या डिसेंबरातल्या सहलीची वाट ठरलेली असते: पैठण, वेरूळ, दौलताबाद, वेळ उरला तर मकबरा. मी शिकवतो विज्ञान, पण किल्ला गेली वीस वर्षं माझ्याकडं आहे, कारण इतिहासाच्या मॅडमना चढ आवडत नाही आणि मला गोष्ट सांगायला आवडते. चांदमिनारावरून पोरांची रांग पुढं काढायची, मेंढा तोफेपाशी डोकी मोजायची आणि खंदकाकडं जाता जाता सुरू करायचं. यादवांचा पाचवा भिल्लम, ११८७ च्या आसपास त्यानं इथं राजधानी केली. मग रामदेवराय, मग खिलजी, मग १३२७ मध्ये अख्खी दिल्ली उचलून इथं आणणारा तुघलक. पोरांना तुघलक फार आवडतो. हेडमास्तरांची आठवण येत असावी.

त्या वर्षी मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "पाचवा… भिल्लम…" श्वास. "यादवांचा…" श्वास. "राजा…"

पुढं काही आलंच नाही. छाती वरखाली होत होती, मानेच्या शिरा ताणल्या होत्या आणि आत म्हणावं तसं काही जात नव्हतं. सातवीतल्या एकानं विचारलं, "सर, भिल्लमला काय झालं?" त्याच्या मागच्यानं परस्पर उत्तर दिलं, "भिल्लमला काय न्हाई झालं रे, सरला झालं."

पोरं खिदळली. मी पायरीवर बसलो. दोन मिनिटांत सगळं जागेवर. सोबतचे तरुण गुरुजी पाण्याची बाटली घेऊन आले आणि प्रेमानंच म्हणाले, "सर, दम राहिला नाही आता तुमच्यात. सकाळी विद्यापीठात फिरायला येत जा." विद्यापीठ म्हणजे आमचं कृषी विद्यापीठ. परभणीत डेरेदार झाडांखालून चालायचं तर तिथंच जायचं.

पोरं गुरुजींसोबत अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरली. मी अलीकडंच थांबलो. आतून वटवाघळांचा वास आणि पोरांच्या आरोळ्या येत होत्या. वीस वर्षांत पहिल्यांदा मी किल्ल्यावर गेलो आणि वर गेलो नाही.

दम या शब्दानं मराठीत फार घोळ घालून ठेवलाय. चढावर दम लागतो, पळताना दम तुटतो, म्हातारं माणूस सांगतं जरा दम खा, आई सांगते दमानं घे, उतावळ्याला दम निघत नाही, शहाणा दम धरतो, साहेब दम देतो, आणि गल्लीतलं पोरगं बाह्या सारून म्हणतं, दम असंल तर ये. श्वास, विसावा, धीर, धमकी, मर्दानगी, सगळं एकाच पोत्यात कोंबलेलं. बोलायला हे झकास वाटतं. ज्याचा श्वास खरोखर उणा पडतो, त्याला मात्र या पोत्यातून बाहेर पडता येत नाही. ‘तुमच्यात दम नाही’ हे त्याच्या छातीविषयी आहे की त्याच्याविषयी, हे बोलणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. मला ते माझ्याविषयीच वाटलं. वय ५४, पोट थोडं सुटलेलं, संध्याकाळी खुर्ची सोडवत नाही. पटलंच मला ते. मी मुकाट दुसऱ्या दिवशी पाचला उठून बूट घातले.

विद्यापीठात फिरणाऱ्यांचे गट असतात. आमचा गट निवृत्तांचा, मी त्यात वयानं सगळ्यात लहान आणि आठवड्याभरात चालीनं सगळ्यात मागं. अडुसष्ट वर्षांचे एक बाप्पा राजकारणावर अखंड बोलत पुढं जायचे आणि मी त्यांच्या पाठीकडं बघत धापा टाकायचो. मागं पडलो की बुटाची नाडी बांधायचं निमित्त करायचो. वाकलो की जीव आणखी घाबरा व्हायचा. शोधलेलं निमित्तच अंगावर यायचं. यात काहीतरी विचित्र आहे, हे माझ्यासारख्या विज्ञानाच्या मास्तराच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

थोडं मागं जावं लागेल. त्याच वर्षी गणपतीत मला दोन दिवस ताप आला होता. ताप गेला आणि चौथ्या रात्री तीनच्या सुमारास उजवा खांदा दुखायला लागला. दुखायला लागला म्हणजे काय, कुणी खांद्यात गिरमीट फिरवत बसलंय असं. उठलो, बसलो, हिनं शेकून दिलं, काही उपयोग नाही. तीन आठवडे मी रात्री झोपलो नाही. नंतर दुखणं ओसरलं आणि हात लुळा पडल्यासारखा झाला. फळ्यावर वरच्या ओळीत वार आणि तारीख लिहायची माझी सवय. ती तारीख हळूहळू फळ्याच्या मध्यावर उतरली. पोरांनी ते बरोबर टिपलं होतं. एकानं वहीतसुद्धा पानाच्या मध्यावर तारीख टाकली होती. एका दवाखान्यात सांगितलं, खांदा आखडलाय. दुसरीकडं सांगितलं, मानेचे मणके झिजलेत. दिवाळीपर्यंत हात बराच सुधारला, तारीख वर चढली आणि मी ते प्रकरण विसरून गेलो.

श्वासाचं आणि खांद्याचं काही नातं असेल, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. दमासाठी गेलो तेव्हा खांद्याबद्दल बोललोच नाही. आपण डॉक्टरकडं दुखणी अशी सुटीसुटी घेऊन जातो, भाजी बांधून आणल्यासारखी.

जानेवारी ते एप्रिल काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. दम्याचा पंप मिळाला. तो श्वासाच्या नळ्या मोकळ्या करतो. माझ्या मोकळ्याच होत्या. पोट कमी करा म्हणाले, चार किलो केलं. इको झाला, चांगला आला. पट्ट्यावर चालवायची टेस्ट झाली. त्या पट्ट्याचा वेग आणि चढ दर ३ मिनिटांनी वाढतो. पाचव्या मिनिटाला मी हात वर केला. कागदावर आलं: हृदयाचा दोष नाही, दम लागल्यामुळं थांबवली. म्हणजे मी ज्या कारणासाठी गेलो होतो तेच मला छापून मिळालं. शेवटी एकानं विचारलं, घरी काही टेन्शन?

घरात कोविडातला ऑक्सिमीटर होता. जिना चढून आलो की ही माझं बोट त्यात घालायची. ९७. कधी ९८. "आकडा तर चांगलाय की हो," ती म्हणायची, आणि तिच्या आवाजात खरीखुरी सुटका असायची. मी धापा टाकत त्या आकड्याकडं बघायचो. साक्षीदारानं उलटी साक्ष द्यावी तसं व्हायचं.

मग मे महिना आला आणि विहिरीनं निदान केलं.

थोरल्या भावाचं शेत गंगाखेडच्या अलीकडं आहे. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. दादाच्या विहिरीला एका अंगानं दगडी पायऱ्या आहेत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून सातव्या वर्षी मी तिथंच पोहायला शिकलो. मे महिन्यात पाणी खोल जातं, पण जातं कुठं नाही. भाच्चे धडाधड उड्या मारत होते. मी वयाला शोभेल असा पायरी पायरीनं उतरलो. गुडघाभर, कमरेइतकं, बरं वाटलं. पाणी बरगड्यांवर आलं आणि श्वास घ्यायला गेलो तर घ्यायला जागाच नव्हती. जोर लावला. मान ताणली. घोटभर हवा आली. गळ्यापर्यंत गेलो असतो तर तेवढीही आली नसती. भाच्च्यानं दंडाला धरून वर ओढलं. वरच्या पायरीवर बसलो आणि मिनिटभरात श्वास आपोआप परत आला.

दादा म्हणाला, "भ्यालास काय रं?"

"या हिरीला कशाला भिऊ?"

"मग वय झालं."

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो त्याच पाण्यात निवांत पाठीवर तरंगत हे बोलत होता.

त्या रात्री अंगणात बाजेवर पडलो आणि पहिल्यांदा नीट विचार केला. मी पळालो नव्हतो, चढलो नव्हतो, ओझं उचललं नव्हतं. नुसता पाण्यात उभा होतो. स्टॅमिना कमी असलेल्या माणसाला उभं राहून दम लागत नाही. आणि हा विचार करता करता ध्यानात आलं की उताणं पडून मला श्वास पुरत नाहीये. मी कधीपासूनचा दोन उशा घेऊन, डोकं उचलून झोपतोय. ते इतकं हळूहळू झालं होतं की मलाही कळलं नव्हतं.

जून महिन्यात संभाजीनगरला छातीच्या एका डॉक्टरांकडं गेलो. वेटिंगमध्ये शेजारी एक आजी बसल्या होत्या, बायपास झालेल्या. "ऑपरेशन झाक झालं म्हनत्यात," त्या म्हणाल्या, "पर चुलीपासून दारापर्यंत आले की बसावं लागतंय. पोरं म्हनत्यात, आई, वय झालं." आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो. नंतर मला कळलं की माझी जी श्वासाची नस बिघडली होती, तीच हृदयाच्या ऑपरेशनातही दुखावू शकते. ती हृदयाच्या अगदी अंगावरून खाली उतरते आणि ऑपरेशनात हृदय गार ठेवायला कधीकधी बर्फ वापरतात, तोही तिला बाधू शकतो. आजींचं काय निघालं ते माहीत नाही. त्यांचा नंबर माझ्या आधी लागला.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. उताणं झोपल्यावर कसं वाटतं? बुटाची नाडी बांधायला वाकल्यावर? पाण्यात उतरल्यावर? तिसऱ्या प्रश्नाला मी खुर्चीत सरळ झालो. तांत्रिकानं मनातलं ओळखावं तसं वाटलं, आणि मी असल्या गोष्टींविरुद्ध वर्गात कार्यक्रम घेणारा माणूस. मग त्यांनी विचारलं, गेल्या वर्षभरात खांदा, मान, काही? मी गणपतीपासून सगळं सांगितलं.

जानेवारीतला एक्स-रे पिशवीत होताच. त्यांनी तो उजेडाला धरला, मग रिपोर्ट काढला आणि एका ओळीवर पेन ठेवलं. श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या पडद्याचा, उजवा घुमट वर सरकलेला. ती ओळ पाच महिने माझ्या पिशवीत होती. उजवी बाजू यकृतामुळं तशीही जरा वर असते, म्हणून कुणी थांबलं नसावं. पण मी? मीही तो कागद नुसता पिशवीत घालून फिरलो, ओळ वाचली नव्हती.

मग सोनोग्राफीच्या टेबलावर. बरगड्यांच्या कडेला यंत्र टेकवून ते म्हणाले, "सर, तपकीर ओढल्यासारखं नाकानं झटकन ओढा." आधी डावी बाजू: स्क्रीनवरची श्वासपटलाची पांढरी कमान झपकन खाली गेली. मग उजवी. मी ओढलं. कमान वर गेली. "पुन्हा." पुन्हा ओढलं, पुन्हा वर. मी आत घेतोय आणि माझ्याच आतला अर्धा भाग उलट्या दिशेनं चाललाय, हे मी टेबलावर पडल्या पडल्या बघितलं.

घरी आलो आणि पहिलं काम केलं ते बाटली कापायचं. श्वसनाचा धडा शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तराला हे मॉडेल येतं. प्लास्टिकची बाटली खालून कापायची, तोंडाशी फुगा लावून आत सोडायचा, कापलेल्या बाजूला रबर ताणून बांधायचं. रबर खाली ओढलं की फुगा फुगतो. रबर म्हणजे श्वासपटल, फुगा म्हणजे फुप्फुस. वीस वर्षं मी हे रबर ओढत आलोय आणि पोरांना विचारत आलोय, हवा कुणी ढकलली? कुणीच नाही, जागा झाली म्हणून ती आली. या वेळी मी रबर अर्धंच लावलं आणि उरलेल्या अर्ध्या तोंडावर दुधाच्या पिशवीचं पातळ प्लास्टिक सैल चिकटवलं. रबर खाली ओढलं. सैल प्लास्टिक फट्टदिशी बाटलीत वर ओढलं गेलं. फुगा जेमतेम हलला. जी जागा रबरानं केली, ती प्लास्टिकनंच खाऊन टाकली. हिला बोलावून दाखवलं. तिनं स्वतः दोनदा ओढून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे तुम्ही खरंच सांगत होता."

श्वासपटलाची गंमत अशी की ते राहतं पोटाच्या वर आणि त्याची नस येते मानेतून. मणक्यातून निघणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंचे धागे एकत्र येऊन ती होते आणि छातीतून फूटभर प्रवास करून खाली पोचते. इतक्या लांबून का? तर गर्भात श्वासपटल आधी मानेपाशी आकार घेतं आणि मग खाली उतरतं. उतरताना माहेरचा धागा सोडत नाही. त्याच पाचव्या मज्जातंतूवर खांद्याचे स्नायूही चालतात. ताप, सर्दी असं काही होऊन गेल्यावर कधीकधी शरीराची स्वतःचीच फौज या नसांवर उलटते, खांदा भयंकर दुखतो, मग स्नायू ढिले पडतात. पार्सोनेज आणि टर्नर या दोघा ब्रिटिश डॉक्टरांनी १९४८ मध्ये अशा रोग्यांचं मोठं वर्णन छापलं. बहुतेकांचा फक्त खांदा जातो. काहींची श्वासाची नसही सापडते. मी त्या काहींतला.

आता प्रश्न उरला ऑक्सिमीटरचा. ९७ कसा? बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा-आठ लिटर हवा पुरते. डावी बाजू, बरगड्या आणि मानेचे स्नायू मिळून तेवढं आरामात ओढतात. भरभर चढ चढणाऱ्याला ५० लिटरच्या पुढं लागतं. धडधाकट माणूस आधी श्वास खोल करतो, मग जलद. माझा खोल होत नाही, म्हणून मी थेट जलद करतो. यात फार नुकसान आहे. फळ्यावर मांडतो तसं मांडतो. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिली हवा नळ्यांतच राहते, फुप्फुसाच्या कामी येत नाही. ५०० मिलीचे १२ श्वास घेतले तर एकूण ६ लिटर, त्यातले कामाचे ४.२. तेच ६ लिटर ३०० मिलीच्या २० श्वासांत घेतले तर कामाचे फक्त ३. मेहनत वाढली, पदरात पडलं कमी. ती तूट भरायला अजून जलद, अजून उथळ. शरीर रक्तातला आकडा पडू देत नाही, पण त्याची किंमत मानेचे स्नायू मोजतात. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं: बोअरची मोटार चालू आहे, अँपिअर ओढतेय, गरम होतेय, आणि पाइपातून पाणी येतंय करंगळीएवढं. टाकी कशीबशी भरते. टाकी बघणारा म्हणतो, सगळं ठीक आहे. मोटारीला हात लावणाऱ्यालाच चटका बसतो. मेंदू जेवढा हुकूम सोडतो आणि छाती जेवढी हलते, त्यांच्यातली दरी म्हणजे दम लागणं. ती बोटाला चिमटा लावून मोजता येत नाही.

मोजता येतं ते दुसरंच. नळीत तोंड घालून पूर्ण जोरानं आत ओढायचं आणि ती ओढ किती ते बघायचं. तिचं माप आहे सेंटिमीटर पाणी. मी त्यांना दोनदा विचारलं, पाणी? हो, पाणी. म्हणजे तुम्ही स्ट्रॉनं पाणी किती उंच खेचू शकाल तेवढं. मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचं माप फुटात आणि खालच्या दिशेनं ऐकायची सवय. पाणी किती लागलं, तर दोनशे फुटांवर. इथं माझा श्वास पाण्यात मोजत होते. ८० च्या वर यायला हवं होतं, आलं ४६. दीड फूट. आणि मला विहीर आठवली. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या माणसाच्या पोटावर जवळजवळ तेवढंच पाणी बाहेरून दाबत असतं, नाकातली हवा मात्र मोकळ्या दाबाची. पोट आत जातं, पोटातलं वर सरकतं, आणि ज्या बाजूला अडवायला कुणी नाही तिथून छातीत घुसतं. वाकल्यावर तेच. उताणं झोपल्यावर तेच. झोपवून फुंकायची टेस्ट केली तर बसल्यापेक्षा १९ टक्के हवा कमी भरली. धडधाकट माणसात हा फरक १० च्या आत राहतो.

औषध नाही. नस आपली आपण वाढते, दिवसाला साधारण मिलिमीटर, फूटभर वाट आहे. हिशेब तुम्हीच करा. वाढेलच अशी खात्रीही नाही. नाहीच आली तर ढिला पडदा शिवून ताणून बसवायचं ऑपरेशन असतं, म्हणजे निदान तो वर तरी ओढला जात नाही. आम्ही थांबायचं ठरवलं. दोन्ही बाजू गेलेल्यांना रात्री झोपताना यंत्र लावावं लागतं, त्या मानानं माझं निभावलं. मला मिळाली एक स्प्रिंग बसवलेली नळी. ठरावीक जोरानं ओढल्याशिवाय तिचं झाकण उघडतच नाही. सुरुवात १४ सेंटिमीटरवर, सकाळी ३०, संध्याकाळी ३० श्वास. पहिल्या दिवशी अकराव्या श्वासाला घेरी आली. शेजारच्या काकू कुंपणावरून बघून म्हणाल्या, "सर हुक्का ओढायला लागले काय?"

व्यायाम थांबवला नाही, फक्त त्याची रीत बदलली. तीन मिनिटं चालायचं, एक मिनिट उभं राहायचं, लाज न बाळगता. उभं राहताना दोन्ही हात कठड्यावर टेकायचे. हात टेकले की खांद्याचे स्नायू मोकळे होतात आणि श्वासाला लागतात. हात वर गेले की उलटं होतं. दोरीवर धुणं वाळत घालताना, माळ्यावरचा डबा काढताना, फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिताना मला दम का लागायचा ते आता कळलं. तारीख मी आता मध्यावरच लिहितो. जेवून लगेच चालायचं नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन दोन विटा आहेत. कपालभाती सुचवणारे रोज सकाळी किमान चार भेटतात. त्यात जोर सोडण्यावर आहे आणि माझं अडतंय घेण्यावर, हे मी पहिल्या दोघांना समजावतो, मग दम धरतो.

गटातल्या बाप्पांना बाटली दाखवली. त्यांनी रबर ओढलं, प्लास्टिक वर गेलेलं बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ आहे. मग म्हणाले, "म्हणजे अर्ध्या इंजिनावर आमच्यासोबत चालत होतात?" त्या दिवसापासून ते माझ्या चालीनं चालतात. राजकारण मात्र पूर्ण ऐकावं लागतं, पूर्वी निम्मं वाऱ्यावर जायचं.

ऑक्टोबरात पुन्हा तपासलं. ४६ चे ५९ झाले होते. पडद्यावर उजवी कमान, तपकीर ओढल्यावर, वर गेली नाही. खालीही गेली नाही. थरथरून तिथंच राहिली. डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे." मला ती थरथर फार वेळ बघायची होती, पण बाहेर रांग होती.

यंदाच्या सहलीला किल्ला पुन्हा माझ्याकडं आला. तरुण गुरुजी म्हणाले, "सर, मी नेतो की." म्हटलं, नेऊ नका, सोबत या. या वेळी पोरांना मी खालीच, मेंढा तोफेजवळ सावलीत बसवलं आणि भिल्लम, रामदेवराय, खिलजी, तुघलक, सगळे बसल्या जागी संपवले. तुघलकाला टाळ्या पडल्या. मग उठलो.

खंदकावरच्या पुलापर्यंत दोनदा थांबलो. पुढं पायऱ्या सुरू झाल्या तसं पोरांची रांग माझ्या बाजूनं पुढं सरकायला लागली. कठड्यावर हात टेकून मी उभा होतो. शेवटची एक सातवीतली पोरगी थांबली. "सर, तुमी येताव ना वर?"

मी मान हलवली आणि हातानं खूण केली, व्हा पुढं. बोलण्यात हवा घालवली नाही. अंधारी अजून वर होती.